मस्तगड ते पितळखोरे : सहल हा आपला हक्क आहे आणि अभ्यासही

जालन्यातील बौद्ध तरुणांना मस्तगडाची ओळख करून द्यावी लागत नाही. १४ एप्रिल असो वा ६ डिसेंबर, येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याला अभिवादन करायला शहरातील वस्त्या-वस्त्यांमधून लोक येतात. पण ज्या गढीमुळे या भागाला मस्तगड हे नाव मिळाले, तिचा इतिहास आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? गड, लेणी, अभयारण्ये आणि तलाव या आपल्या राज्याच्या सार्वजनिक जागा आहेत. तेथे फिरायला जाणे म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असे चळवळीतही काही जणांना वाटते. प्रत्यक्षात या जागांवर मोकळेपणाने वावरण्याचा हक्क आपल्या माणसांनी अपमान सोसून आणि संघर्ष करून मिळवला आहे.

दौलताबादच्या हौदावर काय घडले?

सन १९३४. अस्पृश्य चळवळीतील काही कार्यकर्त्यांना बाबासाहेबांसोबत सहलीला जायचे होते. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, या अटीवर बाबासाहेब तयार झाले. सुमारे ३० जणांचा हा गट औरंगाबादकडे निघाला. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी प्रवेशद्वाराजवळच्या हौदातील पाण्याने तोंड-हातपाय धुतले. तेवढ्यावरून तेथील काही मुसलमान रहिवाशांनी हौद बाटवल्याचा आरडाओरडा केला आणि प्रकरण हातघाईवर येण्याची वेळ आली. तुमचा धर्म हेच शिकवतो का, असे बाबासाहेबांनी त्यांना खडसावून विचारले. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण गडावर कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. त्यावर लक्ष ठेवायला एक हत्यारबंद शिपाईही सोबत दिला गेला.

बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकारूपात प्रसिद्ध केले. हिंदूंना जो अस्पृश्य, तो इतर धर्मीयांनाही अस्पृश्यच वाटतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी हा प्रसंग सांगितला.

बॅरिस्टर असलेला, गोलमेज परिषदांत बोललेला माणूसही तेव्हा साध्या सहलीत सुरक्षित नव्हता. सार्वजनिक पाणवठे आणि सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला होता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला होता. दौलताबाद मात्र निजामाच्या राज्यात होते, आणि जालनाही त्याच राज्यात होते.

पुढे भारतीय संविधानाच्या कलम १५(२) ने हा प्रश्न कायद्याने सोडवला. राज्याच्या पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा वापरण्यास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येत नाही. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. गडावर, बागेत किंवा जंगलात तिकीट काढून आपण निर्धास्त फिरतो, त्यामागे हा इतिहास आहे.

सुरुवात मस्तगडापासून

जालन्याची ही गढी १७२५ मध्ये निजाम-उल-मुल्क आसफजाह यांच्या काळात काबील खानाने बांधली. चौकोनी आकार आणि कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज अशी तिची रचना आहे. बांधकामाचे वर्ष सांगणारा फारसी शिलालेख आणि सज्जे व दालने असलेली मोठी विहीर यांची नोंद जिल्हा गॅझेटिअरमध्ये सापडते. नगरपालिकेचे कार्यालयही याच गढीत होते. म्हणजे आधी सरदाराची सत्ता, मग लोकनियुक्त नगरपालिका आणि जवळच संविधानाच्या शिल्पकाराचा पुतळा. एवढ्याशा परिसरात तीन काळ वाचता येतात.

तेथून मोती तलाव आणि मोतीबागेकडे जावे. मलिक अंबरच्या काळात जमशेद खानाने हा तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून शहराला पाणी पुरवले. लोक येथे सकाळी चालायला जातात. त्या चालण्याला थोडी माहिती जोडली, तर शहराची पाणीव्यवस्था कशी उभी राहिली हे मुलांनाही समजेल.

भोकरदन : आपल्याच जिल्ह्यातील प्राचीन नगर

केळणा नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील ब्राह्मी दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. आजच्या जालना जिल्ह्यातील माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी आजच्या मध्य प्रदेशातील स्तूपाला दान दिले होते! १९७३ मध्ये येथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचे अवशेष मिळाले. त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग होता. इटलीतील पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी भोकरदनच्या मूर्तीचे फार साम्य आहे. उज्जैन ते पैठण या व्यापारी मार्गाने माल आणि धम्म दोन्ही प्रवास करत होते, हे यातून उमगते.

याच जिल्ह्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या इंग्रज फौजेची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी येथे लढाई झाली. एका दिवसाच्या सहलीत दोन्ही ठिकाणे होतात.

लेणी आणि जंगल एकत्र पाहावे

छत्रपती संभाजीनगर जालन्याहून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तेथे विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराभोवती आग, चोर, साप, हत्ती, बुडते जहाज अशी संकटे कोरली आहेत. त्या काळच्या प्रवाशाला वाटेत कशाकशाची भीती होती, त्याची ही यादीच आहे. डोंगर उतरला की नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय पाहावे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये ते सुरू केले.

कन्नड तालुक्यातील गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले. त्याच डोंगररांगेत पितळखोरे लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्यांची सुरुवात झाली. चैत्यगृहाच्या खांबांवर पैठणच्या मितदेव या सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुळातील दात्याचे नाव आहे. येथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर कण्हदास या सोनाराने आपले नाव कोरले आहे. ही लेणी केवळ राजांनी घडवली नाहीत, त्यांना कारागिरांचे हात आणि व्यापाऱ्यांचे दान लागले, याचा हा पुरावा आहे.

मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळींतून टाक्यांत साठवण्याची तेथील भिक्खूंची व्यवस्था आजही पाहता येते. लेणी वाचवायची तर भोवतालचे जंगल आणि पाणीही वाचवावे लागते, हे कान्हेरीत स्पष्ट दिसते.

जाताना काय करावे?

१. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. त्याप्रमाणे दिवस ठरवा. पितळखोऱ्यात पावसाळ्यात ओढ्याला पाणी असते, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हिवाळ्यात जावे.

२. गटातील प्रत्येकाने एका ठिकाणाची आधी माहिती काढावी आणि जागेवर दहा मिनिटे बोलावे. महिला आणि मुलांनाही बोलते करावे.

३. लेण्यात वंदना शांतपणे घ्यावी. मेणबत्ती व अगरबत्ती लावू नये, कारण काजळी शिल्पांवर आणि चित्रांवर बसते. भिंतीवर ‘जय भीम’ लिहिणे हेही विद्रूपीकरणच आहे. संरक्षित स्मारकाचे नुकसान केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

४. अतिक्रमण, तोडफोड किंवा मूळ ओळख पुसण्याचा प्रकार दिसला तर तेथे वाद घालू नका. तारखेसह छायाचित्रे घ्या, पुरातत्त्व विभागाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. भावनिक पोस्टपेक्षा असा कागद अधिक काळ टिकतो.

५. परत आल्यावर दोन पानांची टिपणे बुद्धविहारात किंवा वाचनालयात ठेवा.

संविधानाच्या कलम ५१-क ने वारसा जपणे, तसेच जंगल, नदी आणि वन्यजीवांचे रक्षण करणे ही नागरिकांची कर्तव्ये सांगितली आहेत. जयंतीच्या वर्गणीतील थोडी रक्कम बाजूला काढली, तर वस्तीतील वीस-पंचवीस मुलांची एक अभ्यास सहल सहज निघू शकते. दौलताबादलाही त्यांना न्यावे. बाबासाहेबांच्या सहकाऱ्यांना हौदावर जे सोसावे लागले, ते किल्ल्याच्या दारातच त्यांना सांगावे आणि मग सर्वांनी मिळून गड पाहावा.