जर्मन विमानांची मोजदाद

पाडलेलें विमान मोजतां येतें, निदान तसें म्हणतां तरी येतें. परंतु त्याच महिन्यांत शत्रूच्या कारखान्यांतून नवीं किती बाहेर पडलीं, हें कोण मोजणार? दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनला हा प्रश्न जिवावरचा होता. शत्रूचें बळ फुगवून धरावें, तर आपलीं विमानें घरच्या रक्षणांतच अडकून पडतात. कमी धरावें, तर शहरें उघडीं पडतात. १९४० च्या अखेरीस हवाई खातें व आर्थिक युद्धखातें यांच्या आंकड्यांत इतकी तफावत पडली कीं, चर्चिल यांना तें प्रकरण न्यायमूर्ति सिंगलटन यांच्याकडे सोंपवावें लागलें. विमानें मोजण्यास न्यायाधीश बसवावा लागतो, यावरून गोंधळाची कल्पना यावी!

१९४३ च्या सुमारास लंडनमधील अमेरिकन वकिलातींतील अर्थशास्त्रज्ञांनीं निराळी वाट धरली. हेरांच्या बातम्यांपेक्षां यंत्रांवर ठोकलेल्या क्रमांकांवर त्यांनीं भिस्त ठेविली. समजा, हातीं आलेल्या पांच यंत्रांवर सर्वांत मोठा क्रमांक ६० आहे. साठास पांचांनीं भागून येणारे १२ त्यांत मिळवावे व एक वजा करावा. एकूण यंत्रें सुमारें ७१. क्रमांक सारखे विखुरलेले असले, म्हणजे सांपडलेल्या क्रमांकांमध्यें सरासरीनें जेवढी फट, तेवढीच शेवटच्या क्रमांकापुढेंहि असावयाची, एवढेंच त्यांतील इंगित. जून १९४१ मधील रणगाड्यांचें मासिक उत्पादन हेरखात्यानें १५५० धरलें होतें. क्रमांकांवरून २४४ आलें. युद्धानंतर जर्मन दप्तरांत निघाले २७१!

मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानापुढें मात्र ही युक्ति जशीच्या तशी चालत नाहीं. त्याचे क्रमांक सलग नव्हतेच. रेगेन्सबुर्ग, लाइपझिगचा एर्ला कारखाना व वीनर नॉयश्टाट यांना निरनिराळे गट वाटून दिलेले असत व मधल्या कित्येक जागा रिकाम्या सोडलेल्या असत. उत्तरकाळांत चार लाख चाळीस हजारांच्या घरांतील क्रमांकहि आढळतात. प्रत्यक्षांत सारीं विमानें मिळून चौतीस हजारांच्या आसपास! वरील रीत येथें आंधळेपणानें लावली, तर शत्रूचें बळ दहापटीहून अधिक फुगेल. प्रथम कोणता गट कोणत्या कारखान्याचा हें ओळखावें, मग प्रत्येक गटाचा हिशेब स्वतंत्र मांडावा, हाच मार्ग उरतो.

युद्धानंतर दप्तरें हातीं आलीं, तरी वाद मिटला नाहीं. ३३,९८४ हा आंकडा वारंवार छापला जातो; पण त्याच्या नेमकेपणानें भुलून जाऊं नये. चांचणीचे नमुने धरावयाचे काय? कारखान्यांत जुळलेलें विमान मोजावयाचें, कीं हवाई दलानें स्वीकारलेलें? मोडक्या सांगाड्यांतून पुन्हां उभारलेलें विमान नवें कीं जुनें? हंगेरींत परवान्यानें बांधलेलीं विमानें कोणाच्या खातीं? युद्ध संपल्यावर स्पेन व चेकोस्लोव्हाकिया येथें तयार झालेलीं मात्र या बेरजेंत येऊं नयेत, हें उघड आहे.

चमत्कारिक भाग असा कीं, सर्वांत जड बॉम्बहल्ले झाले त्या १९४४ सालींच उत्पादन शिगेस पोंचलें: या एकाच जातीचीं सुमारें १४,०००, सर्व जातींचीं मिळून ४०,००० च्या घरांत. फेब्रुवारींतील हल्ल्यांनंतर कारखाने लहान लहान जागीं विखुरले गेले होते. त्याच वर्षीं मे महिन्यापासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर हल्ले सुरू झाले, आणि कागदोपत्रीं तयार असलेलीं कितीतरी विमानें पेट्रोलावांचून जमिनीवरच उभीं राहिलीं.