‘डायस्टेज’ची शेपटी

लॅक्टेज, लायपेज, पॉलिमरेज या विकरांच्या नावांच्या शेवटी येणारा ‘एज’ हा प्रत्यय मूळचा ग्रीक नाही. तो ‘डायस्टेज’ या एका नावाचा तोडलेला शेवट आहे.

1833 मध्ये आन्सेल्म पायेन आणि झाँ-फ्रांस्वा पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीच्या अर्कात अल्कोहोल मिसळून एक पांढरा साका मिळवला. या साक्याने पिठूळ स्टार्च विरघळून त्याची साखर होत असे. स्टार्चच्या कणाचे बाहेरचे कवच आतल्या पदार्थापासून सुटते, अशी त्यांची समजूत होती. म्हणून ‘वेगळे करणे’ या अर्थाच्या ‘डायास्टॅसिस’ या ग्रीक शब्दावरून त्यांनी नाव घेतले. प्रत्यक्षात विकर स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते. म्हणजे समजूत अपुरी होती, पण नाव टिकले. फ्रेंचमध्ये तर पुढे कोणत्याही विकराला ‘डायस्टेज’च म्हणू लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल द्युक्लो यांनी विकर ज्या पदार्थावर काम करते त्याच्या नावाला ‘एज’ जोडण्याची पद्धत सुचवली. त्यामागे पहिल्या शोधाचा मान राखण्याचा हेतू होता. व्याकरणाच्या दृष्टीने ही काटछाट अडाणीच, कारण मूळ शब्दाची फोड ‘डाया’ आणि ‘स्टॅसिस’ अशी होते. सोय मात्र मोठी झाली: नाव वाचताच विकराचे काम कळते. पेप्सिन (1836) आणि ट्रिप्सिन ही नावे या पद्धतीपूर्वीची, त्यामुळे ती तशीच राहिली.

स्टार्च तोडणाऱ्या विकराला आता अमायलेज म्हणतात. जुने ‘डायस्टेज’ पाचक औषधांच्या बाटल्यांवर आजही छापलेले दिसते.