वर्गातला मदतनीस: उपकार नव्हे, हक्क

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक चित्र वारंवार दिसते. दिव्यांग मुलाला शाळेत सोडून आई दिवसभर व्हरांड्यात बसून राहते. मुलाला शौचालयात न्यायचे कोणी, या एका प्रश्नापायी तिची मजुरी बुडते. तिने येणे थांबवले की मुलाची शाळा सुटते.

वर्गात मदतनीस हवा तो यासाठी. शिकवण्याचे काम शिक्षकाचेच. मदतनीस बसणे, जेवणे, शौचालय, फळ्यावरचे उतरवून घेणे यांत आधार देतो. मात्र सारे काही तोच करू लागला, तर मूल वर्गात असूनही वर्गमित्रांपासून तुटते. आधी हात धरायचा, मग नुसते सोबत राहायचे, पुढे दुरून लक्ष ठेवायचे, अशी मदत मुलाला स्वावलंबी करते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रत्येकाच्या गरजेनुसार आधार आणि त्यासाठी प्रशिक्षित कर्मचारी, हेही याच कायद्याला अपेक्षित आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तरुण कार्यकर्त्यांनी त्या आईसोबत समितीच्या बैठकीला जावे, मदतनीसाची मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी विनंती विसरली जाते. लेखी अर्जाला उत्तर मागता येते.