तैलरंगातला रस्ता: ऊन आधी, घरे नंतर

दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) पद्धतीच्या शहरचित्रात घरे-दुकाने ही निमित्तमात्र असतात. रंगवायचे असते ते त्यांच्यावर पडलेले ऊन. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने रंगांच्या धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले आणि रंग घेऊन उघड्यावर बसणे सोपे झाले. १८७४ मध्ये मोने, पिसारो, रेन्वार आदींनी पॅरिसमध्ये या पद्धतीच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरवले. पुढे १८९७ मध्ये पिसारोने हॉटेलच्या खिडकीतून दिसणारा एकच हमरस्ता निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या हवेत पुन्हा पुन्हा रंगवला. आपल्याकडे इंदूरला कलाशिक्षक देवळालीकरांचे विद्यार्थी ना. श्री. बेंद्रे यांनी उघड्यावरच्या निसर्गचित्रणात ही दृष्टी आणली. नागपुरात कलाशिक्षण घेतलेल्या चित्रकार एस. एच. रझांना ती मुंबईत वॉल्टर लँगहॅमर या ऑस्ट्रियन चित्रकाराच्या सहवासात मिळाली.

सातपुड्याच्या पायथ्याचे, संत्र्यासाठी ओळखले जाणारे शेंदूरजनाघाट अशा चित्रांच्या सरावाला सोयीचे आहे. दुपारचे ऊन डोक्यावर येते, तेव्हा सावल्या आखडतात आणि रंग फिके दिसतात; म्हणून सकाळ किंवा उतरते ऊन निवडावे. ऊन सतत सरकत असल्याने एका बैठकीला दोन तास पुष्कळ झाले. कॅनव्हास लहान घ्यावा.

आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट सिएना कॅनव्हासभर पुसून घ्यावा, म्हणजे पांढरेपणा डोळ्यांना फसवत नाही. मग डोळे किलकिले करून पाहावे. पाट्या, तारा, खिडक्या नाहीशा होतात. उजेड, मधली छटा आणि गडद भाग एवढेच उरतात. त्यांचे आकार मोठ्या ब्रशने मांडावेत.

सावलीत काळा रंग घालू नये. तिथे थेट ऊन पोचत नसले तरी आकाशाचा उजेड पोचतो, म्हणून चुन्याच्या भिंतीवरची सावली निळसर-जांभळी दिसते. अल्ट्रामरीन, थोडे अलिझरीन क्रिमसन आणि पांढरा यांतून ती साधते. निळा आणि नारिंगी हे परस्परपूरक रंग. हातगाडीवरचा संत्र्यांचा ढीग कॅडमियम ऑरेंजच्या चार-पाच जाड फटकाऱ्यांत मांडून शेजारी ही निळी सावली ठेवली, की दोन्ही रंग खुलतात. एकेक फळ काढण्याची गरज पडत नाही. माणसांनाही डोक्याचा ठिपका आणि अंगाचा एक फटकारा पुरतो. नाकडोळे काढले की गर्दीचा हलतेपणा जातो.

गडद भाग पातळ ठेवावेत, उजेडाचे फटकारे शेवटी जाड द्यावेत. खालचा थर टर्पेंटाइनचा, वरचा जवसाच्या तेलाचा, हा क्रम मोडू नये. हे तेल उडून जात नाही, हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते. वरचा थर आधी वाळून खालचा हलत राहिला, तर चित्राला तडे जातात. फटकारा एकदा बसला की त्यावर पुन्हा ब्रश घासू नये, रंग मळतो. चित्र वरून कोरडे लागले तरी आत ओल असते, म्हणून जाड थरांवर वॉर्निश द्यायला सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते.