तेच ते करणारे मूल

काही मुले एकच गोष्ट दिवसभर करीत बसतात. कोणी खडे ओळीने मांडते. ओळ मोडली की रडून गोंधळ घालते. कोणी डब्याचे झाकण गरगर फिरवत राहते. कोणी हात फडफडवते, कोणी बसल्या जागी डोलते. रोजचे ताट बदलले तर जेवत नाही. दुसऱ्या वाटेने नेले तर रस्त्यातच बसकण मारते.

लोक पाहतात आणि बोलतात. कोणी म्हणते, बाहेरचे लागले. कोणी म्हणते, आईने लाडावून ठेवले. कोणी म्हणते, दोन रट्टे द्या, म्हणजे येईल ताळ्यावर. मंडळी, यातले काही खरे नाही.

लहानपणी थोडेफार तेच ते सगळीच मुले करतात. पण त्याबरोबर बोलणे आणि माणसांत मिसळणेही जड जात असेल, तर ती स्वमग्नता असू शकते. इंग्रजीत तिला ऑटिझम म्हणतात. अशा मुलाच्या मेंदूची घडणच निराळी असते. आईच्या वागण्याने हे होत नाही. लस टोचल्यानेही होत नाही.

मग मूल तेच ते का करते? आवाज, उजेड, गर्दी यांचा त्याला फार त्रास होतो. लग्नातला बाजा आपल्याला गोड लागतो. त्याच्या कानांवर तो घणासारखा पडतो. पुढे काय होणार हे कळले नाही, की ते घाबरते. अंधारात आपण भिंतीला हात लावून चालतो ना? तसा ठरलेल्या गोष्टींचा त्याला आधार वाटतो. डोलल्याने त्याचे मन शांत होते. कधी कधी तर आनंदानेही हात फडफडतात!

अमेरिकेतल्या एका मुलाची हकिगत ऐका. त्याचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट. जन्म १९३३ चा. हाती येईल ते तो गरगर फिरवी. कोणी अडवले की थयथयाट करी. डॉ. लिओ कॅनर यांनी त्याला तपासले. १९४३ साली त्यांनी डोनाल्ड धरून अशा ११ मुलांविषयी लिहिले. तेव्हापासून डॉक्टर लोक स्वमग्नता ओळखू लागले.

डोनाल्डला काही वर्षे एका शेतकरी नवराबायकोकडे ठेवले होते. ती दोघे मोठी शहाणी. डोनाल्डला मापे घेण्याचा नाद होता. त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल झाली ते मोजून सांगायला लावले. तो मक्याच्या ओळी सारख्या मोजत बसे. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला. म्हणाले, नांगरता नांगरता मोज! पोरगा नांगरायला शिकला. नाद तोच, पण त्याचे काम झाले. पुढे डोनाल्ड बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला. २०२३ साली तो वारला, तेव्हा ८९ वर्षांचा होता.

प्रत्येक मूल इतके पुढे जाईल असे नाही. पण प्रत्येकाला थोडे तरी पुढे नेता येते. त्यासाठी आम्ही एवढेच सांगतो.

मुलाला मारू नका, बांधून ठेवू नका. त्याच्या नादाने कोणाला इजा होत नसेल, तर तो राहू द्या. बदल करायचा असेल, तर आधी सांगा. उद्या बाजाराला जायचे असेल, तर आजच पिशवी दाखवा. बाजारात गोंधळ घातलाच, तर रागावू नका, गर्दीतून बाजूला न्या.

मूल डोके आपटत असेल, स्वतःला चावत असेल, तर मात्र थांबू नका. कान, दात किंवा पोट दुखत असेल आणि त्याला सांगता येत नसेल. त्याला लगेच डॉक्टरकडे न्या.

अंगारे-धुपारे करण्यात वर्षे घालवू नका. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. लहान वयात शिकवणे सुरू झाले, तर फायदा जास्त. दिव्यांगांसाठी २०१६ साली झालेल्या कायद्यात स्वमग्नताही धरली आहे. तपासणीनंतर दाखला मिळू शकतो. तो जरूर मागा.

आणि घरी? खडे मांडणाऱ्या मुलाजवळ बसा. त्याच्याबरोबर एक खडा तुम्हीही मांडा. मग म्हणा, एक, दोन, तीन. शिकवणे तिथूनच सुरू होते.