पस्तीस कोटी मेल, गिऱ्हाइकं फक्त अट्ठावीस

मे 1864. लंडनमधल्या काही बड्या राजकारण्यांच्या घरी संध्याकाळी तार आली. अवेळी आलेली तार म्हणजे काहीतरी गंभीरच! घाईघाईनं फोडली, तर आत एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वेळा. एकानं संतापून 'द टाइम्स'ला पत्र लिहिलं. नको असलेल्या जाहिरातीवरचा संताप हा असा दीडशे वर्षांहून जुना आहे.

ईमेलमधला कचरा तर येण्याआधीच कुणाला तरी दिसला होता. इंटरनेटच्या पायाभरणीत मोठा वाटा असलेल्या जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर 1975 मध्येच लिहून ठेवलं, की अर्पानेट या इंटरनेटआधीच्या जाळ्यात नको असलेले संदेश नाकारण्याची सोय नाही. तीनच वर्षांनी, 3 मे 1978 ला, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना एका झटक्यात धाडलं. पत्ते इतके, की वरच्या रकान्यात मावेनात. उरलेले खाली मजकुरात सांडले! लोक खवळले. पण थुर्क यांच्या म्हणण्यानुसार त्या मेलमुळे कोट्यवधी डॉलरचे संगणक खपले. दुखणं तिथूनच जडलं.

2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 'स्टॉर्म' या हॅक केलेल्या संगणकांच्या जाळ्यात शिरकाव करून कचरा-मेलचा धंदा आतून मोजला. औषधांच्या जाहिरातीचे सुमारे 35 कोटी मेल सुटले आणि खरेदीपर्यंत पोचले अवघे 28 जण. एवढ्यावर धंदा चालतो, कारण मेल पाठवायला खर्च जवळपास शून्य.

मग पाठवणाऱ्याला थोडा खर्च करायला लावला तर? ॲडम बॅक यांनी 1997 मध्ये नेमकं हेच सुचवलं: प्रत्येक मेलमागे संगणकाला एक छोटं गणित सोडवायला लावायचं. एक मेल पाठवणाऱ्याला ते जाणवणार नाही, कोटी पाठवणारा मात्र घायकुतीला येईल. ईमेलमध्ये ही 'हॅशकॅश'ची कल्पना फारशी रुजली नाही, पण पुढे बिटकॉइनच्या मूळ आराखड्यात तिचा उल्लेख आला. कचऱ्यावरच्या उताऱ्यातून थेट नवं चलन!

परदेशातल्या कुण्या राजपुत्राचं घबाड तुमच्या खात्यात येणार, असली थाप आजही का मारतात? मायक्रोसॉफ्टच्या कॉर्मक हर्ली यांनी 2012 मध्ये याचं उत्तर दिलं. गोष्ट मुद्दामच अचाट असते. शहाणी माणसं पहिल्या ओळीलाच गळतात आणि उत्तर देतो तो बहुतेक गळाला लागणाराच. ठगाचा वेळ वाचतो. म्हणून अशा मेलला चार शिव्या हासडायलासुद्धा उत्तर पाठवू नका. तुमचा पत्ता जिता-जागता आहे, एवढी बातमी त्याला पुरते.

हीच बातमी चित्रांतूनही फुटते. मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं, जेमतेम एका ठिपक्याएवढं चित्र दडवलेलं असतं. ते उघडलं की पाठवणाऱ्याला कळतं. सेटिंगमध्ये जाऊन चित्रं आपोआप उघडणं बंद करा.

आणखी एक गंमत जीमेलवाल्यांसाठी. तुमच्या पत्त्यातले टिंब जीमेल मोजतच नाही. नावापुढे अधिक चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल तुमच्याकडेच येतो. चपलांच्या दुकानाला पत्ता देताना असा 'चप्पल' जोडून द्या. उद्या त्याच पत्त्यावर कर्जाच्या जाहिराती आल्या, तर तुमचा पत्ता कुठून फुटला ते लगेच कळेल. मला ही युक्ती फार आवडते!

ओळखीच्या दुकानाचे मेल नकोसे झाले तर 'अनसबस्क्राइब' खुशाल दाबा. रोज 5000 हून जास्त मेल जीमेलवर धाडणाऱ्यांना जाहिराती एका क्लिकमध्ये थांबवण्याची सोय देणं 2024 पासून बंधनकारक आहे. अनोळखी मेलमधल्या त्या दुव्याला मात्र हात लावू नका. तिथे 'स्पॅम' हेच बटण. नुसतं डिलीट करण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं, कारण फिल्टर त्यावरच शिकतो. पॉल ग्रॅहम यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं होतं, की कुठले शब्द कचऱ्यात जास्त येतात आणि कुठले खऱ्या पत्रात, याचा नुसता हिशेब ठेवला तरी बहुतेक कचरा ओळखता येतो. तुमच्या एका क्लिकनं दुसऱ्याच्या आजोबांचं पेन्शन वाचू शकतं.

त्यातूनही कुणी फसलंच, पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेतच गोठवण्याची शक्यता जास्त.

आणि फिल्टरही चुकतो बरं का. घरात कुणी नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या पत्राची वाट पाहत असेल, तर रोज एकदा स्पॅमचं फोल्डर उघडून बघायला सांगा. जीमेल तिथलं सगळं 30 दिवसांनी कायमचं पुसून टाकतं.