भिंत, उष्णता आणि शेजाऱ्याचा वायफाय

व्हिडिओ अडकून गोल गोल फिरू लागला की पहिला फोन जातो तो केबलवाल्याला. बऱ्याचदा त्याची लाइन ठणठणीत असते. लॅपटॉपला लॅन केबल थेट जोडून वेग मोजावा. केबलवर पूर्ण आणि वायफायवर निम्मा भरला, तर भानगड घरातल्या हवेत आहे.

वायफाय मुख्यतः 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालतो. पहिल्याची लहर साडेबारा सेंटिमीटरची, दुसऱ्याची जेमतेम सहा. लांब लहर भिंतींतून त्यातल्या त्यात तगून जाते, म्हणून आतल्या खोलीत 2.4 पोचतो. पण तिथे गर्दी फार. ही पट्टी परवान्याविना सर्वांना खुली; ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्हची भट्टीही 2.45 वरच. पट्टीतली चॅनेल्स पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेली आणि एका राउटरला लागतात किमान वीस. त्यामुळे 1, 6 आणि 11 एवढीच तीन एकमेकांच्या पायात न येणारी.

त्यात वायफायचा शिरस्ता असा, की बोलण्याआधी ऐकायचे आणि चॅनेलवर दुसरे कोणी बोलत असेल तर थांबायचे. वरच्या मजल्यावर सिनेमा चालू असेल तर तुमचा राउटर मुकाट खोळंबतो. मोबाइलवर रेंजच्या काड्या मात्र पूर्ण! कारण काड्या सिग्नलचा जोर दाखवतात, गर्दी नाही. म्हणून टीव्ही, लॅपटॉप 5 वर घ्यावेत, 2.4 कॅमेऱ्याला आणि स्मार्ट प्लगला पुरे. तिथे चॅनेलची रुंदी वीसच ठेवावी. चाळीस केली की आपणही गर्दीत भर घालतो.

राउटर बसवणारा माणूस जिथे कमी ड्रिलिंग तिथे खिळा ठोकतो: दारावर, मीटरशेजारी, नाहीतर टीव्हीच्या मागे. टीव्हीतला धातूचा पत्रा लहर अडवतो. कपाटाचा आरसा तर तिला परतच पाठवतो, कारण काचेमागे धातूचा मुलामा असतो. फिश टँकमधले पाणी लहर शोषून घेते. घराच्या मध्यावर, छातीभर उंचीवर, मोकळी जागा मिळाली तर उत्तम. अँटेना राउटरकडून खोलीकडे रोखून ठेवण्याची हौस अनेकांना असते, पण लहरी तिच्या अंगाने पसरतात. टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत दुबळा. एकाच मजल्यावरच्या घरात ती सरळ उभी असावी.

उष्णतेकडे कोणाचेच लक्ष नसते. चोवीस तास चालणारे हे यंत्र आपण टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबतो, वर क्रोशाचा रुमाल. अडॅप्टरमधल्या कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि तो हळूहळू सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा ठोकताळा आहे. नागपूरच्या मे महिन्यात बंद कप्प्यातल्या अडॅप्टरचे काय होत असेल! असा थकलेला अडॅप्टर दिवा पेटवतो, पण भार वाढला की व्होल्टेज गडगडते आणि राउटर आपोआप रीस्टार्ट होतो. लोक राउटरच फेकून देतात. आधी अडॅप्टर बदलून पाहावा: व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिन तशीच.

‘बंद करून चालू कर’ हा उपाय चालतो, कारण त्याने तुंबलेली मेमरी रिकामी होते आणि बरेच राउटर नव्याने मोकळे चॅनेल शोधतात. रोजच तशी वेळ येत असेल तर फर्मवेअर अपडेट करावे. राउटरच्या अॅडमिनचा पासवर्डही तेव्हाच बदलून टाकावा. तो वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. 2016 मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरात, वेबसाइटच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या.

फायबरची जादा वायर घट्ट गुंडाळून खिळ्याला अडकवलेली असते, तीही एकदा पाहावी. काचेचा तंतू फार वाकला की प्रकाश वळणावर बाहेर गळतो. फायबरच्या मोडेमवरचा ‘एलओएस’चा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचतच नाही, आणि तिथे आपल्या हाती काही नाही. अशा वेळी टाचणी घेऊन रिसेटचे भोक टोचू नये. त्याने सगळे सेटिंग पुसले जाते आणि लाइन दुरुस्त झाली तरी नेट सुरू होईलच असे नाही.